भोंग्याचा सा

आमच्या वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात दोन पिकं हमखास येत. एक कैऱ्यांचं, दुसरं शिबिरांचं. कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की कुठे ना कुठे मंडप पडायचा, सतरंज्या अंथरल्या जायच्या आणि तरुण पिढीला घडवायला कोणीतरी खादीधारी उभा राहायचा. मी स्वतः निसर्गोपचाराच्या शिबिरात पोटावर मातीचा लेप घेऊन पडलेली आहे. सूतकताईच्या शिबिरात मी कातलेलं सूत पाहून तिथल्या ताईंनी माझ्या हातातून टकळी हळूच काढून घेतली होती. इतकी शिबिरं करून मी घडले की नाही कोण जाणे. पण तंतुवाद्यांचं शिबिर तोवर कोणी घेतलं नव्हतं. ते मोठेभाऊंनी घेतलं.

मोठेभाऊंच्या वडिलांनी कापसातली सरकी काढून पैसा केला होता आणि मोठेभाऊंनी तो देशासाठी खर्च करायचं व्रत घेतलं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा ते शांततेच्या कुठल्याशा परिषदेला परदेशी गेले. तिथल्या यजमानांनी त्यांना बोटीत घालून एका दूरच्या बेटावर नेलं. बेटावर विशी-बाविशीची चार पोरं चार तंतुवाद्यं घेऊन बसली होती. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, चौघं एकमेकांकडे बघत वाजवत होती. मोठेभाऊंना संगीतातलं काही कळत नव्हतं, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत, पण समतेतलं कळत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या आत वर्ध्याला परतून त्यांनी पत्रकं छापली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण वादकांचं शिबिर, प्रत्येक गटात चार वादक, गटाचं नाव ‘चौकडी’, आणि स्थळ बेट.

चौकडी म्हटल्यावर आमच्याकडे कोणता शब्द आधी आठवतो हे मोठेभाऊंना कोणी सांगायला हवं होतं. पुढे शिबिरातून परतल्यावर नाचणगावात आमच्या शेजारच्या काकू मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, बाकीचे तीन चांडाळ कुठचे होते म्हणून.

मी नाचणगावची. व्हायोलिन शिकायला रोज पायी पुलगावला जायची. आमचे गुरुजी एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत शिकवत. त्यांची बाजाची पेटी वाळवीने खाल्ली होती आणि नवी घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून ते तंबोरा पुलगावच्या कापड गिरणीच्या भोंग्यावर लावत. पाळीचा भोंगा झाला की गुरुजी हातातला चहा खाली ठेवत, डोळे मिटत आणि खुंट्या पिळायला लागत. भोंग्याचा तो सूर काळी एकच्या थोडा वर आणि पांढरी दोनच्या थोडा खाली होता. म्हणजे पेटीवर बोट ठेवून दाखवता येईल असा तो नव्हताच. मोठ्या शहरातल्या गवयाने ऐकला असता तर कानात बोटं घातली असती. गुरुजी म्हणत, “पेटीले वाळवी लागते, भोंग्याले नाई लागत.” मला तर हा सा शिकवावाही लागला नाही. भोंगा नाचणगावापर्यंत ऐकू यायचा, जन्मापासून मी त्याच्यावर उठत होते, जेवत होते आणि झोपत होते.

घरी मात्र व्हायोलिनचे दिवस भरत आले होते. बाबा डेपोत कारकून होते. मुलीने वाद्य वाजवायला त्यांची हरकत नव्हती, पण कशासाठी ते त्यांना कळत नव्हतं. मोठेभाऊंच्या पत्रकात शेवटी एक ओळ होती. समारोपाला नागपूरहून रेडिओच्या संगीत विभागाचे साहेब येतील आणि गुणी वादकाचा रेडिओसाठी विचार करतील. बाबांनी ती ओळ चष्मा पुसून दोनदा वाचली आणि मला समोर बसवलं.

“रेडिओनं घेतलं तं ठीक,” ते म्हणाले. “नाई तं ते खोकं माळ्यावर ठेवजो अन् डी.एड.ले जाजो. मंग मले काही सांगू नको.”

बाबा तसे रागीट नव्हते, म्हणूनच त्यांचं बोलणं खरं वाटलं. मी व्हायोलिनच्या पेटीला नवी सुतळी बांधली आणि आर्वीची एसटी धरली.

आर्वीच्या स्टँडवर आमची चौकडी पहिल्यांदा एकत्र आली. पहिला व्हायोलिनवाला नागपूरचा होता. मोठ्या डॉक्टरांचा मुलगा, केस कानावर आलेले, व्हायोलिनच्या पेटीला आतून मखमल. शिबिराचे तंबू त्याच्या वडिलांनी दिले होते. एक आर्वीचाच, भजनी मंडळात दिलरुबा वाजवणारा, बोलायला लागला की हात जोडणारा. आणखी एक नालवाडीचा, अंगाने दांडगा, आणि त्याच्या शेजारी कपाटाएवढं काहीतरी गोणपाटात गुंडाळून उभं केलेलं. परदेशात चौकडीत एक भलं मोठं व्हायोलिन असतं, ते मांडीवर मावत नाही, पायांत धरतात. तसं वर्ध्यात मिळेना, म्हणून मोठेभाऊंनी एका सुताराला फोटो दाखवून ते सागवानात करून घेतलं होतं. वाद्य आतून पोकळ असतं हे फोटोत दिसत नाही आणि मोठेभाऊंना माहीत नव्हतं. सुताराने आपल्या परीने जाड, मजबूत माल दिला. सतारीच्या खर्जाच्या तारा चढवल्या. त्या वाद्याचं नाव आम्ही ‘सागवानी’ ठेवलं. धरणाकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टरने त्याचं पूर्ण तिकीट फाडलं आणि ते लेडीज सीटवर ठेवू दिलं नाही.

बेट एका धरणात होतं. धरण भरलं तेव्हा एक टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं होतं, तेच आमचं बेट. मोठेभाऊंनी ते पावसाळ्यात पाहून ठेवलं होतं. आम्ही पोचलो भर मे महिन्यात. डोंग्यात बसून, सागवानीला दोघांनी धरून, जीव मुठीत घेऊन आम्ही पाणी ओलांडलं आणि टेकाडावर चढून पाहतो तर पलीकडच्या बाजूचं पाणी आटून रस्ता झाला होता. त्या रस्त्याने गावातल्या म्हशी चरायला येत होत्या. मागून बाया गोवऱ्या वेचायला येत होत्या. आमच्यातल्या कोणीतरी मोठेभाऊंना हे दाखवलं. त्यांनी त्या बाजूला पाठ केली आणि सांगितलं की शिबिर बेटावर आहे, तेव्हा कोणीही पायी ये-जा करायची नाही. त्यामुळे रोजचं दूध डोंग्यातून फेरा मारून, उन्हात नासत यायचं आणि म्हशी समोर उभ्या असायच्या.

आम्ही एकूण बाराजण होतो, म्हणजे तीन चौकड्या. बाकीच्या दोन चौकड्यांनी आपापल्यातल्या सर्वांत वयस्काला मान दिला, तो म्हणेल तसं वाजवलं आणि उरलेला वेळ सावलीत झोप काढली. गोंधळ सगळा आमच्या चौकडीत झाला, म्हणून तिचंच सांगते.

दिनक्रम असा होता. पहाटे प्रार्थना, मग श्रमदान. श्रमदान म्हणजे माती अडवायला उतारावर चर खणायचे. तो उतार दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तिथली माती अडवून कोणाचं भलं होणार होतं ते माशांनाच ठाऊक. उन्हाने टणक झालेली जमीन, हातात टिकास, आणि आम्ही सगळे तंतुवादक. दुसऱ्याच दिवशी तळहाताला फोड आले आणि ते फुटले. गज धरला की डोळ्यांसमोर तारे चमकायचे. पहिल्याला हजेरी मांडायचं काम मिळालं होतं, त्यामुळे त्याचे हात शाबूत राहिले.

श्रमदानानंतर जेवणापर्यंत मौन. आता शिबिर वाद्यांचं, तेव्हा आम्हाला वाटलं की तोंड मिटून वाजवायला हरकत नसावी. पण वाद्य बोलतं असं आपण म्हणतोच की नाही, असा प्रश्न मोठेभाऊंनी उभा केला आणि स्वतःच उत्तर दिलं की म्हणतो. मग वाद्यांनाही मौन लागू झालं. बारा वादक बारा वाद्यं समोर ठेवून, हाताला हळद लावून, म्हशींकडे बघत सकाळ काढायचे. दुपारी उन्हामुळे झोपायची सक्ती होती. म्हणजे वादनाला उरायची ती संध्याकाळ, आणि संध्याकाळी चर्चा असायची.

मोठेभाऊंनी एक रचना मनात योजली होती. नाव अर्थातच ‘विश्वशांती’. चार वाद्यांचा संवाद. पहिलं व्हायोलिन बोलणार, दिलरुबा त्याला उत्तर देणार, सागवानी दोघांना दुजोरा देणार. मी विचारलं, मी काय करू. मोठेभाऊ माझ्याकडे फार प्रेमाने पाहून म्हणाले, “संवादात एक ऐकणारं लागतं. ती भूमिका तुझी.”

ऐकणाऱ्याने वाजवायचं काय, तर सा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच लांब सा, मधे कुठे तान नाही, वळण नाही, काही नाही. कागदावर आमच्या नावांपुढे पहिला, दुसरी, तिसरा, चौथा असं लिहिलं होतं. दुसरी या शब्दाचा आमच्याकडे काय अर्थ होतो हे मी कोणाला सांगत बसले नाही. पण मी इतकी संतापले की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. साहेबांसमोर सा ओढून मी डी.एड.लाच जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर मी मोठेभाऊंकडे गेले आणि समारोपात पाच मिनिटं एकटीला वाजवू द्या म्हणून विनवलं. त्यांनी मला अहंकाराविषयी समजावलं. एकट्याने वाजवणं हा व्यक्तिवाद, आपल्या संगीताला लागलेला तो जुना रोग. शेजारी पहिला मखमलीची पेटी उघडून गजाला राळ लावत बसला होता. संपूर्ण ‘विश्वशांती’त त्याला एक क्षण गप्प बसायचं नव्हतं, पण तो व्यक्तिवाद नव्हता, तो संवाद होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण सुरात सूर मिळवायची वेळ आली आणि घोडं पेंड खाऊ लागलं. पहिल्याचा सा काळी एक. तो त्याच्या गुरूंचा सा, आणि तो बदलणं म्हणजे गुरुद्रोह, असं तो म्हणाला. दिलरुबावाल्याचा काळी दोन, कारण त्याच्या भजनी मंडळाची पेटी तिथेच बरी वाजायची. आणि दिलरुबाला खाली ढीगभर तरफेच्या तारा असतात, सा बदलला की त्या सगळ्या नव्याने लावायच्या. हात जोडून त्याने सांगितलं की देवाचा सा आहे, सोडायला सांगू नका. सागवानीवाला कशालाही तयार होता. त्याच्या खुंट्या टिकत नव्हत्या, त्यामुळे कोणताही सा दिला तरी तो तिथे पोचेपर्यंत खाली उतरायचा.

जगात कुठेही चार वादक जमले असते तर कोणीतरी एकाने दटावून पट्टी ठरवली असती. आमच्याकडे सर्वसंमती होती. मोठेभाऊंच्या मते बहुमत हीसुद्धा हिंसाच. निर्णय होईल तो सगळ्यांच्या मनापासूनच्या संमतीने, नाहीतर होणार नाही. मग बाभळीखाली रोज संध्याकाळी साविषयी चर्चा सुरू झाली. गुरुनिष्ठा म्हणजे काय यावर झाली, देव कोणत्या पट्टीत ऐकतो यावर झाली. एक दिवस मधला मार्ग म्हणून रचनेचा अर्धा भाग एका सा-मध्ये आणि अर्धा दुसऱ्या सा-मध्ये असाही ठराव पुढे आला. एकमेकांचं ऐकून घेण्यात आमच्या चौकडीने इतका वेळ घालवला की वाजवलेलं कोणी ऐकलंच नाही. आणि समारोप तोंडावर आला.

शेवटी मोठेभाऊ थकून म्हणाले की आपल्याला असा सा हवा आहे, जो कोणाच्याच गुरूचा नाही, कोणाच्याच मंडळाचा नाही. तोवर मला कोणी विचारलं नव्हतं. ऐकणारीला विचारायचं कशाला. मी व्हायोलिन मांडीवर घेतलं, डोळे मिटले, पुलगाव आठवलं आणि गज ओढला.

पहिला म्हणाला, हा काळी एक नाही. दिलरुबावाला म्हणाला, काळी दोनही नाही. मोठेभाऊंनी मला विचारलं की हा कोणाचा सा. मी म्हटलं, कोणाचाच नाही. ते खोटं नव्हतं. मोठेभाऊंचा चेहरा उजळला. जो कोणाचाच नाही तोच सर्वांचा, असं म्हणून त्यांनी त्याला ‘लोकांचा सा’ हे नावही देऊन टाकलं. दोघे भांडणारे एकमेकांचा सा हरला एवढ्यावर खूष होऊन संमत झाले.

तो गिरणीचा भोंगा आहे हे मी तोंडातून काढलं नाही, आणि काढण्यात अर्थही नव्हता. त्या बेटावर गिरणी हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी सागवानीवाल्याचा टेरिकॉटचा सदरा मोठेभाऊंनी उतरवून त्याला खादीचा दिला होता. तो त्याला काखेत इतका दाटायचा की हात वर करताना सागवानीपेक्षा सदराच जास्त वाजायचा. ज्या माणसाला गिरणीचं कापड अंगावर चालत नव्हतं, त्याच्या शिबिराच्या कानात मी गिरणीचा भोंगा घातला. मला गंमत वाटली, आणि सगळ्या रागावर तेवढा एक थंड हात फिरला.

समारोप संध्याकाळी होता. पाहुणे अर्थातच डोंग्यातून यायचे होते. मधल्या दिवसांत पाणी आणखी उतरलं होतं, त्यामुळे डोंगा काठापासून बराच अलीकडे चिखलात रुतला आणि रेडिओचे साहेब पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन बेटावर अवतरले. तोवर गावातली मंडळी मागच्या रस्त्याने सावकाश चालत येऊन पुढच्या सतरंज्या धरून बसली होती आणि फुटाणे खात होती. मोठेभाऊंनी परदेशातल्या त्या बेटाचं वर्णन केलं, समतेचं केलं, संवादाचं केलं. साहेब रुमालाने पायाचा चिखल पुसत होते.

बाकीच्या दोन चौकड्यांचं झाल्यावर आम्ही बसलो. लोकांच्या सावर वाद्यं लावून झाली होती. मी गज ओढला आणि ‘विश्वशांती’ सुरू झाली.

थोडा वेळ बरं गेलं. मग पहिल्याचा हात सवयीने आपल्या गुरूंकडे जायला लागला. काळी एक जवळच होती, जरा घसरलं की पोचता येत होतं, आणि तो पोचला. ते ऐकून दिलरुबावाल्याने डोळे मिटले, बहुधा देवाची क्षमा मागितली, आणि आपल्या भजनी मंडळाकडे निघाला. सागवानीच्या दोन खुंट्या एकदम सुटल्या. सागवानीवाला तसाच गज घासत राहिला आणि त्यातून कपाट सरकवल्यासारखा आवाज निघत राहिला. पहिल्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत सांगितलं, सा खाली घे. मी घेतला नाही. सर्वसंमतीने ठरलेला सा होता, मी एकटी तो सोडणारी कोण. फुटलेल्या फोडांतून पाणी येत होतं, गज हातात चिकटत होता. मला त्या तिघांचा, त्या बेटाचा, चरांचा, हळदीचा असा काही राग आला होता की सूर ढळायला हवा होता. पण तो सा मला लहानपणापासून येत होता, तो हलला नाही.

समोर बसलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, “काऊन भांडून राह्यले हे?”

शेजारीण म्हणाली, “थे पोरगी नाई भांडून राह्यली.”

दिलरुबा आधी थांबला, मग सागवानी. पहिला आणखी थोडा वेळ एकटाच संवाद करत राहिला आणि कुणी उत्तर देईना म्हणून थांबला. माझं ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत चालायचं होतं, म्हणून मी शेवटपर्यंत वाजवलं. मोठेभाऊंनी टाळ्या वाजवल्या. परदेशात टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांनी पाहून ठेवलेलं असावं, कारण त्यांच्याशिवाय कोणी वाजवल्या नाहीत.

नंतर साहेब आमच्यापाशी आले. पहिला वाकून नमस्कार करून उभा होता, त्याला ओलांडून त्यांनी मला विचारलं की हा सा तुम्ही कुठून आणलात, एवढ्या गोंधळात तसूभर हलला नाही. मोठेभाऊ लगबगीने म्हणाले की हा लोकांचा सा आहे, शिबिरात सर्वसंमतीने सापडला.

माझ्या तोंडून घरची भाषा निघाली. “आमच्या पुलगावच्या गिरणीचा भोंगा हाये तो,” मी म्हटलं. “पाळीचा.”

साहेब मोठ्याने हसले. मोठेभाऊ हसले नाहीत. त्यांनी सागवानीवाल्याच्या खादीच्या सदऱ्याकडे पाहिलं, जणू धीर तिथून मिळणार होता.

साहेबांना हसू आवरल्यावर ते म्हणाले, “तंबोऱ्यावर बसाल का आमच्याकडे? असा सा धरून बसणारं माणूस मिळत नाही.”

मी म्हटलं, मला व्हायोलिन येतं. माझा आवाज चढला होता, मला माहीत आहे. ते म्हणाले की येत असेल, पण त्यांनी ऐकला तो सा. त्यांचं काही चुकत नव्हतं. मला पाच मिनिटं मिळाली असती तर त्यांनी दुसरंही काही ऐकलं असतं, आणि ती पाच मिनिटं समतेने खाल्ली होती.

बाबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की रेडिओनं घेतलं ना. घेतलं. मग डी.एड.चा विषय संपला. व्हायोलिनची पेटी माळ्यावर गेली नाही. ती मी नागपूरला नेली, खोलीत खाटेखाली ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून वाजवत राहिले. ऐकायला कोणी नव्हतं.

माझा पहिला कार्यक्रम लागला त्या दिवशी आमच्या घरी अर्धी गल्ली जमली. आईने रेडिओवर धुतलेला रुमाल घातला. गायक गायला, तबला वाजला, पेटी वाजली, निवेदिकेने त्या सगळ्यांची नावं सांगितली आणि कार्यक्रम संपला. तंबोऱ्याचं नाव सांगायची पद्धत नव्हती. काकूंनी विचारलं, पोरीचं केव्हा आहे. मी पुढच्या रविवारी घरी गेले तेव्हा आई म्हणाली, “मी रेडिओले कान लावून बसली होती. तू कुठं वाजून राह्यली होती, मले नाई समजलं.” मी सांगितलं की मागे जो भुंग्यासारखा आवाज सतत चालू असतो, तो मी. आईने मान हलवली. त्यानंतरही ती माझा एकेक कार्यक्रम ऐकायची आणि दर वेळी मला नाही सापडली म्हणून सांगायची, जसं काही मीच नीट वाजवत नव्हते. मला तिचा राग यायचा आणि मग त्या रागाचं वाईट वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. गायकांच्या पट्ट्या पाठ झाल्या. कोणाला काळी एक, कोणाला पांढरी चार, कोणाला सर्दी झाली की अर्धा सूर खाली. ते सांगत, मी लावत होते.

मग एक दिवस स्टुडिओत पहिला आला. आता तो कलाकार झाला होता. केस अजून कानावर होते, व्हायोलिनच्या पेटीतली मखमल बदलली होती. त्याने मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, ऐकणारीचं तोंड कोण लक्षात ठेवतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाला, “बाई, काळी एक. जरा लवकर द्या.”

मी तंबोरा उभा केला, डोळे मिटले आणि खुंट्या पिळल्या. काळी एकपाशी थांबले नाही, थोडी वर गेले. जिथे जायचं होतं तिथे पोचले आणि तारा छेडल्या. त्याने क्षणभर मान तिरकी केली. मला वाटलं, आता म्हणेल. पण त्याने व्हायोलिन पायाशी टेकवलं आणि एकेक तार माझ्या सावर चढवायला लागला. बाभळीखाली इतक्या संध्याकाळी ज्यासाठी भांडला, तो गुरूंचा सा हातातून गेला ते त्याला कळलंही नाही. लाल दिवा लागला. त्याने सुरेख वाजवलं, हे मी नाकारत नाही.

पुढच्या आठवड्यात घरी गेले. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी पायावर पाणी घेईपर्यंतही तिला धीर धरवला नाही.

“परवा रेडिओत आपला भोंगा वाजून राह्यला होता,” ती म्हणाली. “थो पोरगा पुढं वाजवत होता अन् मांगून आपला भोंगा. मी तुझ्या बाबाले म्हटलं, पाळी सुटली का आज अवेळी? बाहीर जाऊन पाह्यलं, कुठं काही नाई. मंग समजलं.” तिने सूप खाली ठेवलं. “तूच होती ना ते?”